मालव्यातल्या कॉन्व्हेंटमधलं सीलबंद पाकीट : कॅथलिक थरार कादंबरीसाठी तपशील हवेत

राजवाडा_रात्रपाळी

नमस्कार मंडळी. इंदूर आणि देवास जिल्ह्यात घडणारी एक मराठी थरार कादंबरी लिहायला घेतली आहे. गाभा कॅथलिक गूढानुभवाचा आहे, म्हणून जाणकारांची मदत हवी.

सांगाडा असा. उदयनगर या आदिवासी भागातल्या गावात दवाखाना चालवणाऱ्या कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरला प्रार्थनेत दर्शनं होतात. पाहिलेलं ती लिहून काढते, पाकिटात घालते, वर 'अमुक सालाआधी उघडू नये' असं लिहून बिशपच्या हाती देते. ते साल उजाडायच्या आत बिशपचा मृत्यू होतो आणि पाकीट जागेवर सापडत नाही. त्याच पावसाळ्यात कॉन्व्हेंटच्या चॅपेलमध्ये मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या मुख्य विधीच्या, भाकरीवर रक्तासारखा डाग दिसतो. बातमी पसरते, गर्दी लोटते.

सध्याच्या मसुद्यात रोमहून एक तपासनीस फादर विमानाने येतो आणि तीन दिवसांत छडा लावतो. भविष्यवाणी म्हणून संत मलाकीच्या नावावरची, पुढे होणाऱ्या पोपांबद्दल एकेक बोधवाक्य देणारी यादी वापरली आहे.

मला कळायला हवं ते हे: अशा घटनेची चौकशी प्रत्यक्षात कोण करतं, कोणत्या क्रमाने? पाकीट कुठे ठेवलं जाईल, आणि बिशप गेल्यावर ते कोण उघडू शकतं? सिस्टरची दर्शनं खोटी न वाटता कशी लिहावीत? डागामागे विज्ञानाला धरून काय असू शकतं? आणि मलाकीची यादी चालेल का? खुनाचा धागा पापनिवेदनातून, म्हणजे फादरपुढे गुप्तपणे दिलेल्या पापांच्या कबुलीतून, उलगडायचा विचार आहे, त्याबद्दलही सांगा.

धर्मकायदा_वाचक

रोमहून येणारा फादर आधी काढून टाका. दर्शन असो, डाग असो, पहिली जबाबदारी तिथल्या बिशपची, म्हणजे तुमच्या कथेत इंदूर धर्मप्रांताच्या बिशपची. भाविकांची रीघ लागली की चौकशी सुरू करणं त्याला भागच असतं.

कथा कोणत्या वर्षी घडते ते ठरवल्याशिवाय चौकशीचा एकही प्रसंग लिहू नका. १९७८ चे जुने नियम आणि १९ मे २०२४ पासून लागू झालेले नवे नियम, यांत निकालाची भाषाच बदलली आहे. जुन्या पद्धतीत तीन निष्कर्ष होते: अलौकिक असल्याचं सिद्ध, अलौकिक नसल्याचं सिद्ध, किंवा अलौकिक असल्याचं सिद्ध होत नाही. नव्यात सहा आहेत. सगळ्यात वरचा 'निहिल ऑब्स्टाट', त्याचा अर्थ एवढाच की श्रद्धाळूंनी इथे यायला हरकत नाही. सगळ्यात खालचा, 'हे अलौकिक नाही' अशी स्पष्ट घोषणा. मधले चार म्हणजे सावध राहा, आवर घाला, अमुक व्यक्तीच्या हातून कारभार काढा, थांबवा, अशा चढत्या पायऱ्या. 'हे देवाकडूनच आलं' असं बिशप आता जाहीर करत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये बोस्नियातल्या मेजुगोरियेला, जिथे मारियेची दर्शनं होत असल्याचा दावा आहे, हरकत नसल्याचा निकाल मिळाला, तोही १९८१ पासून चालत आलेल्या दाव्यांनंतर, आणि दर्शनं खरी की खोटी यावर त्यात निवाडा नाही. कादंबरीचा शेवट 'चर्चने चमत्कार मान्य केला' असा योजला असेल तर तो बदलावा लागेल.

समितीत किमान तिघं हवेत: एक ईश्वरशास्त्राचा जाणकार, एक धर्मकायद्याचा आणि एक घटनेच्या स्वरूपाप्रमाणे निवडलेला तज्ज्ञ. वर बिशपने नेमलेला प्रतिनिधी, शिवाय प्रत्येक जबानी नोंदवणारा नोटरी. साक्षी शपथेवर होतात आणि समितीचे लोक गोपनीयतेने बांधलेले असतात. तुमच्या कथेत तो तिसरा तज्ज्ञ म्हणजे मेडिकल कॉलेजातली एखादी मराठी पॅथॉलॉजिस्ट असू द्या. हे जग वाचकाइतकंच तिलाही अनोळखी असेल, त्यामुळे सगळं समजावून सांगायला सबळ कारण मिळतं. अहवाल आणि बिशपचं मत रोमला जातं, तिथून मान्यता आल्यावरच बिशप बोलतो. तोवर तो गप्प असतो, बाहेर गर्दी वाढत असते आणि प्रत्येक जण त्या गप्प बसण्याचा आपापला अर्थ लावत असतो. हा ताण तुम्हाला फुकट मिळतोय, तीन दिवसांत छडा लावून तो घालवू नका.

आता पाकीट. धर्मसंहितेची, म्हणजे चर्चच्या कायद्याची, ४८९ आणि ४९० ही दोन कलमं तुमच्यासाठी सोनं आहेत. प्रत्येक धर्मप्रांताच्या कचेरीत नेहमीच्या दप्तराखेरीज एक गुप्त दप्तर असावं लागतं. स्वतंत्र खोली नसेल तर निदान एक तिजोरी किंवा कपाट, पक्कं कुलूपबंद आणि जागेवरून हलवता न येणारं. किल्ली फक्त बिशपकडे. त्यातला कागद बाहेर न्यायला मनाई. शिवाय नैतिक गुन्ह्यांच्या खटल्यांत आरोपी वारला असेल किंवा शिक्षेला दहा वर्षं झाली असतील, तर ती कागदपत्रं दरवर्षी नष्ट करायची आणि घटनेचा थोडक्यात गोषवारा व अंतिम निकाल तेवढा ठेवायचा. म्हणजे वर्षातून एकदा त्या कपाटातून कागद कायदेशीरपणे जाळले जातात. पाकीट नाहीसं करायचं असेल तर तो दिवस निवडा. चोरीचा संशयच येणार नाही, कारण राख असणं अपेक्षितच आहे.

बिशप वारला की पद रिकामं होतं. सहायक बिशप नसेल तर सल्लागार मंडळ कारभार पाहतं आणि बातमी कळल्यापासून आठ दिवसांत त्याला प्रशासक निवडावा लागतो. निवड झाली नाही तर नेमणुकीचा अधिकार महाधर्मप्रांताच्या आर्चबिशपकडे जातो, इंदूरच्या बाबतीत भोपाळकडे. रिक्त काळात गुप्त दप्तर खरोखर निकड असेल तरच उघडता येतं, आणि तेही प्रशासकाने स्वतः. त्यामुळे ज्याला पाकीट हवंय त्याला आधी प्रशासकाची निवड जिंकावी लागेल किंवा लांबवावी लागेल. तुमचा खलनायक त्या सल्लागार मंडळात बसवा.

आणखी एक. मदर सुपीरियर सिस्टरला 'काय पाहिलंस ते सांग' म्हणून दबाव आणू शकत नाही. अंतःकरणातलं उघड करायला वरिष्ठांनी भाग पाडू नये, असं ६३० वं कलम सांगतं. मसुद्यात दरडावण्याचा प्रसंग असेल तर तिथे मदर नियम मोडतेय हे तिला ठाऊक असलं पाहिजे.

अंधारी_रात्र

दर्शनांबद्दल लिहितो, कारण अशा कादंबऱ्या बहुतेक वेळा इथेच फसतात. सिस्टरला सिनेमासारखं चित्र दिसतं, आवाज येतो, तारीख कळते आणि ती धावत सुटते. कॅथलिक परंपरेतली मुरलेली माणसं याच्या उलट वागतात.

दर्शनाचे तीन प्रकार मानतात. डोळ्यांना बाहेर दिसणारं, मनःपटलावर उमटणारं, आणि प्रतिमेशिवाय थेट कळणारं. चर्चचा सगळ्यात जास्त संशय पहिल्यावर असतो, सगळ्यात कमी तिसऱ्यावर. पोर्तुगालमधल्या फातिमा इथे १९१७ मध्ये तीन मुलांना मारियेची दर्शनं झाल्याचं मानतात; तिथल्या तिसऱ्या रहस्यावर २००० साली जे भाष्य निघालं त्यात त्या मुलांचा अनुभव दुसऱ्या प्रकारात धरला आहे: खरा, पण पाहणाऱ्याच्या मनाच्या मर्यादांतून गाळून आलेला. तुमची सिस्टर मालव्यात राहिलेली आहे. तिच्या प्रतिमांत महुआ, काळी माती, मार्चमधली पळसाची फुलं, दवाखान्यातलं सलाइनचं स्टँड येईल. युरोपातल्या तळघरांसारखी चित्रं तिच्या तोंडी घातलीत तर ती उसनी वाटतील.

सोळाव्या शतकातला कार्मेलाइट संघाचा स्पॅनिश साधू योहान, ज्याला क्रूसाचा योहान म्हणतात, त्याचा सल्ला फार कडक आहे: दर्शनं आली तरी त्यांना धरून बसू नका, चांगली असली तरी. ती देवाची असतील तर त्यांचं काम ती आल्या क्षणीच करून जातात. अशा शिस्तीत वाढलेली सिस्टर दर्शन नाकारेल, टाळेल, आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकाला सांगेल आणि तो म्हणेल, सध्या काही करू नका, दवाखान्यातलं काम चालू ठेवा. ती आज्ञा पाळते की नाही, याकडे चौकशीत बारकाईने पाहतात. म्हणून तिने पाकीट लिहिलं ते स्वतःच्या मनाने की कुणाच्या आज्ञेने, हे पहिल्या प्रकरणातच ठरवा. फातिमाच्या त्या मुलांपैकी लुसियाने रहस्याचा तिसरा भाग ३ जानेवारी १९४४ रोजी लिहिला तो बिशपच्या आज्ञेवरून.

सिस्टरच्या शरीरावर ख्रिस्तासारख्या जखमा दाखवणार असाल तर पाळत कशी ठेवतात ते दाखवा. अशा जखमा असलेल्या आणि अन्नावाचून जगते असा दावा असलेल्या जर्मनीतल्या कोनर्सरॉयथच्या थेरेसा नॉयमानवर जुलै १९२७ मध्ये पंधरा दिवस पाळत होती. चार नर्स-सिस्टर्सना शपथ दिली होती, रुग्णाला एकटं सोडायचं नाही. तिचं वजन घेतलं जाई आणि चूळ भरायला दिलेलं पाणी देताना व परत घेताना मोजलं जाई. असा चुळीच्या पाण्याचा हिशेब तुमच्या पॅथॉलॉजिस्टच्या वहीत येऊ द्या: दिलं एवढं, परत आलं एवढं. एका रात्री दोन चमचे कमी भरले, एवढ्यावर एक प्रकरण उभं राहील. भारतातलं उदाहरण हवं तर केरळच्या मरियम थ्रेसिया यांच्याबद्दल पंचक्षतांची, म्हणजे अशाच जखमांची, नोंद आहे. त्या १९२६ मध्ये वारल्या, १३ ऑक्टोबर २०१९ रोजी संत घोषित झाल्या.

आता डाग. मिस्साची भाकर म्हणजे गव्हाचं पीठ आणि पाणी, यीस्ट नाही. पातळ, गोल चकती. अभिषिक्त, म्हणजे मिस्सात पवित्र केलेली, चकती जमिनीवर पडली आणि खाण्याजोगी राहिली नाही तर ती फेकत नाहीत. लहान भांड्यात पाण्यात घालून टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे वेदीजवळच्या कुलपाच्या पेटीत ठेवतात. ती विरघळली की ते पाणी थेट मातीत जाणाऱ्या खास नाळीत ओततात. ते भांडं पेटीत विसरलं तर काय होईल पाहा: ओलं पिष्ट, बंद जागा, जुलै-ऑगस्टमधली इंदूरची दमट हवा, पंचवीस ते तीस अंश तापमान. सेराशिया मार्सेसेन्स नावाच्या जिवाणूला याहून जास्त काही लागत नाही. काही दिवसांत गर्द लाल, चिकट थर येतो, अगदी रक्तासारखा. रंगद्रव्याचं नाव प्रोडिजिओसिन.

पॅथॉलॉजिस्टची कामं क्रमाने: निर्जंतुक काडीने नमुना, दोन भाग, दोन्हींवर सील आणि सह्या, एक भाग कपाटात राखून ठेवायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी आहेत का, मानवी हिमोग्लोबिनची चाचणी, आणि पोषक माध्यमावर वाढवणं. सेराशिया असेल तर एक-दोन दिवसांत प्लेटवर लाल ठिपके येतात, पण थाळी ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवली तर रंग फिका पडतो किंवा येतच नाही. रक्ताच्या कामाची सवय असलेला तंत्रज्ञ नेमकं ३७ वर लावेल आणि 'लाल जिवाणू नाही' असा अहवाल देईल. ही चूक खरी वाटणारी आहे आणि कथानक शंभर पानं पुढे नेऊ शकते.

फक्त एक विनंती. जिवाणू सापडला म्हणून सिस्टर खोटी, असं समीकरण मांडू नका. डाग आणि दर्शनं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, समितीही त्या वेगळ्या तपासेल.

राजवाडा_रात्रपाळी

मनापासून आभार. प्रशासकाच्या निवडीचे आठ दिवस हाच आता कादंबरीचा मधला भाग करतो. वर्ष २०२५ धरलं आहे. पाकिटावरच्या सालाला आणि मलाकीच्या यादीला काही पर्याय आहे का?

पोथी_शोधक

२०२५ धरलं असेल तर मलाकी सोडाच. संत मलाकी ११४८ मध्ये वारला आणि त्याच्या नावावरची ही ११२ बोधवाक्यं पहिल्यांदा छापून आली १५९५ मध्ये, व्हेनिसला. १५९० पर्यंतच्या पोपांना ती चपखल बसतात, त्यानंतर एकदम सैल होतात. म्हणून १५९० च्या पोप-निवडणुकीत एका उमेदवाराची बाजू उचलायला ती रचली गेली, असा अभ्यासकांचा दाट संशय आहे. वर नेहमीच्या मोजणीप्रमाणे शेवटची ओळ पोप फ्रान्सिस यांच्यावर संपते. ते २१ एप्रिल २०२५ रोजी वारले आणि ८ मे रोजी लिओ चौदावे निवडून आले. यादी संपली, जग चालू आहे. समर्थक शेवटच्या दोन ओळींच्या मध्ये आणखी पोप बसवतात, पण थरारकथेत अशी सारवासारव वाचक मान्य करत नाही.

पाकिटावरच्या सालासाठी फातिमाचाच तपशील पाहा. लुसियाने बाहेरच्या पाकिटावर लिहिलं होतं की १९६० नंतरच उघडावं, आणि तेही लिस्बनच्या पॅट्रिआर्कने किंवा लैरियाच्या बिशपने. पाकीट ४ एप्रिल १९५७ रोजी रोमच्या दप्तरात गेलं. पोप तेविसाव्या जॉनने १९५९ मध्ये वाचून परत पाठवलं, पोप सहाव्या पॉलने १९६५ मध्ये वाचून परत पाठवलं, मजकूर जाहीर झाला २६ जून २००० रोजी. १९६० च का, असं २००० मध्ये विचारल्यावर तिने सांगितलं की ते साल पवित्र मारियेने दिलेलं नव्हतं, तिने स्वतः ठरवलं होतं. चाळीस वर्षं जगाने ज्या आकड्याची धास्ती घेतली तो स्वर्गातून आलाच नव्हता. तुमच्या सिस्टरनेही साल स्वतःच्या अंदाजाने घातलं असेल आणि त्या सालासाठी कुणी खून करत असेल, तर उलगडा हादरवणारा होईल.

भविष्यवाणीच्या मजकुरासाठी मराठीतच खजिना आहे, बाहेर जाऊ नका. फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, म्हणजे बायबलची कथा सांगणारं मराठी काव्य, १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्या. पुन्हा १६४९ आणि १६५४ मध्ये. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपण वाचतो ते हस्तलिखितांवरून आणि १९०७ च्या मंगळूर आवृत्तीवरून. पहिल्या पुराणात जुन्या करारातली, मसीहा येणार अशी भाकितं ओवीबद्ध आहेत. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं, म्हणून एखादी प्रत गोव्याबाहेर का गेली याला हा जोडणारा दुवा. १६१६ ची एक फाटकी प्रत मालव्यात एखाद्या मिशनच्या पेटीत निघाली आणि तिच्यात हस्तलिखितांत नसलेल्या चार ओव्या आहेत, ही कल्पना मी तुमच्या जागी असतो तर सोडली नसती.

मात्र बनावट कशी उघडी पडते ते नीट लिहा. ती आवृत्ती रोमन लिपीत छापलेली होती. देवनागरी छापील पान दाखवलंत तर जाणकार पुस्तक तिथेच मिटेल. रोमन लिपीत पोर्तुगीज वळण येतं, 'श'साठी एक्स हे अक्षर. छपाईची शाई तेल आणि काजळीची, ती कागद खात नाही. हाताने लिहिण्याची लोह-मायफळाची शाई मात्र कागद तपकिरी करत करत खाते. म्हणून छापील ओव्यांच्या भोवती तपकिरी जळका कडा दिसला तर त्या छापील नाहीत, कुणीतरी छाप्यासारख्या हाताने लिहिल्या आहेत. कागद चिंध्यांच्या लगद्याचा हवा, उजेडासमोर धरल्यावर साच्याच्या तारांच्या रेषा दिसल्या पाहिजेत. ओवीचे पहिले तीन चरण यमकात, चौथा आखूड. खोट्या ओव्या रचणारा आधुनिक माणूस चौथा चरणही लांबवतो, तिथे त्याला पकडा.

लाल_चर्च_गल्ली

पापनिवेदनाचं राहिलंय. फादरने 'सूचक' बोलणंही चालत नाही. ९८३ कलमाप्रमाणे शब्दाने, खुणेने, कोणत्याही कारणासाठी निवेदकाला, म्हणजे पाप कबूल करणाऱ्याला, उघड करणं निषिद्ध आहे, आणि ९८४ सांगतं की निवेदकाला जाच होईल असा त्या माहितीचा वापरही करायचा नाही, मग उघड व्हायचा धोका नसला तरी. थेट भंग केला तर त्याच क्षणी बहिष्कार, जो फक्त रोमच उठवू शकतं. डिसेंबर २०२१ पासून हे १३८६ व्या कलमात आहे, त्याआधी १३८८ होतं. जुना आकडा लिहिलात तर चुकेल. दुभाषा असेल तर तोही गुप्ततेला बांधलेला. इथे तुम्हाला एक वाट आहे: निवेदक भिलाली या आदिवासी बोलीत बोलतो, फादर केरळचा, मध्ये दुभाषा. गुपित दोघांकडे आहे आणि दोघांनाही एकमेकांवर संशय. भारताच्या साक्ष कायद्यात वकील आणि अशिलाच्या बोलण्याला संरक्षण आहे, धर्मगुरूसाठी तसं कलम नाही. त्यामुळे पोलीस दुभाष्याला बोलावू शकतात आणि त्याला दोन कायद्यांच्या मध्ये उभं राहावं लागतं.

स्थानिक बाबी. चॅपेलमधली मिस्सा हिंदीत दाखवा. गर्दी जमली की जिल्हा प्रशासन येणारच. मध्य प्रदेशचा २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा धर्मांतरासाठी साठ दिवस आधी कलेक्टरला सूचना मागतो, म्हणून डाग पाहून कुणी 'मला बाप्तिस्मा हवा' म्हणालं की तहसीलदाराची जीप दारात येते. तो प्रसंग घ्या, पण दोन्ही बाजूंची माणसं माणसांसारखी लिहा.

आणि उदयनगर हे गावाचं नाव बदला. सिस्टर राणी मारिया यांची तिथल्या कामाबद्दल २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये हत्या झाली, ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये त्यांना धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं गेलं, आणि त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा केली. देवास जिल्हा, कॉन्व्हेंट, सिस्टर एवढं एकत्र आलं की वाचक तुमच्या पात्रात त्यांनाच शोधेल. दवाखाना नर्मदेच्या बाजूच्या एखाद्या कल्पित खेड्यात हलवा आणि सिस्टरचा धर्मसंघही कल्पितच ठेवा.